सापडलं तर घेईन

४ फेब्रुवारी

दोऱ्याच्या कंपनीचा माणूस दरवर्षी एक डायरी देऊन जातो. हे असताना ती ह्यांच्याकडे जायची आणि हे तिच्यात बटणांचे नमुने चिकटवायचे. यंदा ती माझ्या वाट्याला आली. बटणं मला तोंडपाठ आहेत, म्हणून मी लिहायचं ठरवलंय. कुणी वाचणार नाही हे बरं आहे. माझी जीभ तिखट म्हणतात सगळे, पेन त्याहून तिखट निघेल असं दिसतंय.

आज मामंजींशी भांडण झालं. म्हणजे मी भांडले, सासरेबुवा नुसते उभे राहिले. दुकान बंद करायच्या वेळेला ते जिना उतरून खाली आले आणि गल्ल्यावर एक पाकीट ठेवलं. म्हणाले, "तुझ्याकडे असू दे. जायचं झालं तर लागेल."

जायचं म्हणजे दादाच्या गावी. दादा माझा थोरला भाऊ, तिथल्या नाटक कंपनीत दिवे बघतो. त्यांना कपडेपट सांभाळायला माणूस हवंय. राजाचे झगे, शिपायांचे कोट, नायिकेचे शालू, सगळं राखायचं, उसवलेलं शिवायचं, हरवलेल्या बटणाला जोड शोधायची. थिएटरच्या मागच्या अंगाला राहायला दोन खोल्या. दादानं माझं नाव सुचवलंय आणि मार्च संपायच्या आत हो की नाही ते कळवायचंय.

हे गेल्याला वर्ष होऊन गेलं. दुकान चालतं म्हणतात, मी म्हणेन रांगतं. हल्ली बटण तुटलं तर लोक शर्टच नवा आणतात.

मी पाकीट परत सारलं. "मामंजी, मी आजवर कुणाचं फुकट घेतलं नाही. रस्त्यात सापडलं तर उचलीन, पण दिलेलं घेणार नाही."

"सापडलं तर घेशील?"

"सापडलेलं कोण सोडतं?"

त्यांनी गल्ल्यावर हात फिरवत पाकीट शोधलं, उचललं, "बरं" म्हणाले आणि कठड्याला धरून वर गेले. इतक्या लवकर माघार घेणारा हा माणूस नव्हे. वयानं मऊ पडलेत बहुतेक.

१० फेब्रुवारी

गंमत झाली. गल्ल्यातल्या चिल्लरीत एक नाणं जरा निराळं दिसलं. आकार आपल्या नेहमीच्या नाण्याएवढाच, पण रंग काळपट, वर मुकुट घातलेला मिशीवाला राजा आणि मागे जहाज. मला वाटलं, कुणीतरी खोटं नाणं खपवलं. मग दंतमंजन आणि तारेची घासणी घेऊन बसले. काळं निघता निघता खालून असं पांढरं शुभ्र निघालं की बघत राहावं. राजाच्या गालावर घासणीचा एक ओरखडा उठला तेवढा.

ऐटीत वर जाऊन मामंजींच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटाच्या टोकावर तोललं आणि चमच्यानं हलकीच टिचकी मारली. असा लांब, गोड आवाज आला की खिडकीतली चिमणीसुद्धा गप्प झाली.

"चांदी," ते म्हणाले. मग अंगठ्यानं राजाचा चेहरा चाचपला. "मिशी आहे ना? म्हणजे बापाचं. सगळी चांदी. मुलगा गादीवर बसला तेव्हा मिशी काढली आणि निम्मी चांदीही काढली. नंतरच्यांनी तर उरलीसुरलीही काढली."

"आणि हे अजून बाजारात फिरतंय?"

"आकार तोच आहे ना. घाईत कोण राजाच्या तोंडाकडे बघतं?"

एवढी मेहनत घेऊन चकाकवलं, त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. कौतुक करायला ह्या घरात कुणाचीच जीभ वळत नाही. हेही तसेच होते.

१६ फेब्रुवारी

आणखी दोन सापडली. एक शनिवारी, एक आज. माझं नशीब एकदम उघडलेलं दिसतंय.

मामंजींची शिकवणी चालू आहे. संध्याकाळी चहा झाला की मी गल्ल्यातली शंका वाटणारी नाणी घेऊन वर जाते. आज कड बघायला शिकले. नाणं आडवं धरायचं. कडेला मध्येच तांबूस रेघ दिसली तर आत तांबं आहे, टाकून द्यायचं. कड सगळी एकसारखी पांढरी असली तर हातचं सोडायचं नाही. "साल वाच," म्हणतात आणि मी वाचते. "कड बघ," म्हणतात आणि मी बघते. स्वतः मात्र नुसती टिचकी मारतात, कान देतात आणि निकाल देतात. मास्तरकीची हौस राहून गेली असावी.

एक परीक्षा मला फार आवडली. नाण्यावर बर्फाचा खडा ठेवायचा. साध्या नाण्यावर तो रेंगाळतो, चांदीवर बघता बघता पाणी होतो. दोघं वाकून बघत बसलो होतो. मी म्हटलं, "विरघळला," तेव्हा ते म्हणाले, "हो ना," आणि त्यांचं बोट अजून कोरड्या जागेवरच फिरत होतं.

मामंजी बसवर कंडक्टर होते. गळ्यात चामड्याची पिशवी आणि तोंडात "पुढे सरका". पिशवीत चांदीचं नाणं पडलं की आवाजावरून कळायचं म्हणे. मग स्वतःच्या खिशातलं साधं नाणं पिशवीत टाकायचं आणि ते काढून घ्यायचं. कंपनीचा हिशेब चोख आणि ह्यांचा शौकही पुरा.

"मग ती सगळी गेली कुठं?"

"खर्चली असतील तुझ्या सासूनं," ते म्हणाले आणि हसले. सासूबाई बिचाऱ्या स्वर्गात बसून ऐकत असतील तर त्यांना ठसका लागला असेल.

२१ फेब्रुवारी

दादाचा फोन. कपडेपटाचं कपाट उघडून फोनवरच एकेक कपडा सांगत होता. एका शिपायाच्या कोटाची सगळी पितळी बटणं वेगवेगळ्या जातीची लावलेली आहेत म्हणे. मला ऐकवेना. असं वाटलं, आत्ता उठावं आणि जाऊन ती बटणं नीट करावीत. किती दिवसांनी मला काहीतरी करावंसं वाटलं.

मामंजींना म्हटलं, "तुम्हीही चला. दोन खोल्या आहेत."

"मी नाही येणार."

"का?"

"इथला जिना मला ओळखतो. तिथला पाडेल."

"मग मी नाही जात."

"तू जा. मी काय, भिंतीतला खिळा. आहे तिथं असतो."

हे काय बोलणं झालं? एकटं राहायला एवढे आतुर असतील तर राहू देत. मी पाय आपटत खाली आले. मग वाईट वाटलं. मला ते नको आहेत असं नाही, त्यांना मी नको आहे की काय, हे टोचतंय.

२५ फेब्रुवारी

सकाळी मी वर स्वयंपाक करते तेव्हा गल्ल्यावर मामंजी बसतात. आज शेजारची शिंपीण तणतणत आली. तिनं लाल रीळ मागितलं तर ह्यांनी तपकिरी दिलं आणि तिनं घाईत न बघता अर्धा झगा शिवून काढला. तिचं तोंड म्हणजे शिवणयंत्र, एकदा सुरू झालं की दोरा संपेपर्यंत थांबत नाही. मी नवीन रीळ दिलं आणि मामंजींना चार शब्द सुनावले.

ते म्हणाले, "दुकानात दिवा मंद आहे."

दिवा बदलला. आता दुकान नाटकाच्या रंगमंचासारखं लखलखतंय. ते म्हणाले, "आता बरं आहे," आणि दोरा मागायला आलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "सूनबाई खाली आल्या की देतील." आळस, दुसरं काय.

आज गल्ल्यात एक मिशीवाला सापडला.

१ मार्च

आज माझी फजिती होता होता राहिली. मामंजी बोलता बोलता म्हणाले, "एक गोष्ट लक्षात ठेव. चांदीचं नाणं कधी घासायचं नाही. तो काळेपणा म्हणजे त्याचं वय. घासून पांढरं केलेलं नाणं म्हणजे कलप लावलेला म्हातारा. जाणकार हात लावत नाही."

मी मान डोलावली आणि खाली येऊन पहिलं नाणं डब्याच्या तळाशी घातलं. देवाचीच कृपा, त्या दिवशी त्यांनी काही म्हटलं नाही. माझा हिरमोड होऊ नये म्हणून गप्प राहिले असणार. मनातल्या मनात मी त्यांना कौतुक न करणारे म्हणत होते. माणसाला ओळखायला आपल्याला वेळ लागतो.

बिस्किटांच्या डब्यात आता बऱ्यापैकी भर पडलीय. डबा मधल्या फळीवर, लेसच्या गुंडाळ्यांमागे ठेवलाय. मामंजींना जागा दाखवून ठेवली, म्हणजे हात नेऊन दाखवली. ते म्हणाले, "तुझे पैसे आहेत हो. सापडलेले. कुणी दिलेले नाहीत. जाताना आठवणीनं ने."

९ मार्च

आठवडाभर काही नाही. नशीब पुन्हा झोपलं.

१२ मार्च

आजही काही नाही. तरी संध्याकाळी वर गेले. मामंजी दोन कप काढून, टेबलावर चमचा मांडून बसले होते. "आज काही आलं का?"

"नाही."

"सगळी पाहिलीस नीट? कडेनं?"

"पाहिली."

"हं." मग आम्ही चहा प्यालो. बोलायला काही सुचेना. नाण्यांच्या आधी आम्ही दोघं संध्याकाळी काय बोलायचो तेच मला आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. ह्यांच्यामुळे आम्ही एकमेकांचे होतो आणि हेच नाहीत. मी लवकर उठले. दारात असताना त्यांनी विचारलं, "दादाला काय कळवलंस?"

"अजून काही नाही."

"हो म्हण," ते म्हणाले. चमचा मात्र अजून हातात धरून बसले होते.

१५ मार्च

सापडलं. गल्ल्यात वरच पडलं होतं. पांढरं शुभ्र.

आधी आनंद झाला. मग मी ते उजेडात धरलं आणि राजाच्या गालावर माझ्या घासणीचा ओरखडा दिसला.

डबा काढून पाहिला. तळाचं नाणं जागेवर नव्हतं.

नवीन दिव्याखाली ते नाणं आरशासारखं चमकत होतं. डोळे असलेल्या माणसानं ते उचललं असतं तर त्याला लगेच कळलं असतं की हे ह्या ढिगातलं नव्हे. मामंजींनी डब्यात हात घातला आणि बोटाला जे लागलं ते काढलं. मिशी चाचपली असेल. गल्ल्यात टाकलं असेल. त्यांना ते काळं की पांढरं हे दिसलंच नाही. पहिल्या दिवशीही दिसलं नव्हतं.

रीळ. बर्फ. "साल वाच." जिना ओळखतो. मी काय करत होते? हजार बटणांतून एक बटण जुळवणारी मी, आणि एवढं दोन हातांवर होतं ते मला जुळवता आलं नाही.

बसच्या पिशवीतून जमवलेली सगळी नाणी त्यांनी माझ्या गल्ल्यात टाकली. मी म्हटलं होतं ना, सापडलं तर घेईन. आणि ती संपली, तेव्हा माझ्याच डब्यातलं काढून टाकलं. हे कशाला? मला द्यायला तर नाही. ते माझंच होतं.

मी संध्याकाळी वर यावं म्हणून.

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी बटणांच्या कपाटाला टेकून रडले. हे गेले तेव्हाही इतकं मोकळं रडू आलं नव्हतं.

मग तोंड धुऊन वर गेले. म्हटलं, "मामंजी, एक आलंय बघा."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं. टिचकी मारली, कान दिला. "मिशीवाला! बघ, मी म्हटलं नव्हतं? अजून आहेत बाजारात."

"आहेत," मी म्हटलं.

१८ मार्च

खोटं बोलावं तर ते सासऱ्याकडून शिकावं. आज मी म्हटलं, "माझे डोळे दुखतात, सुईत दोरा जात नाही. डॉक्टरकडे जायला भीती वाटते, तुम्ही सोबत चला." सोबत म्हटल्यावर नाही कसं म्हणतील? कोट घालून तयार झाले. रस्ताभर माझा दंड धरून मला धीर देत होते.

दवाखान्यात मी डॉक्टरांच्या कानाशी लागले. माझे डोळे तपासून झाल्यावर त्या बाई म्हणाल्या, "आलातच आहात तर आजोबांचेही बघते." मामंजी खुर्चीत बसले आणि त्यांना कळलं. पण कंडक्टर गाडी सोडून पळत नाही.

मोतीबिंदू. दोन्हीकडे, कधीचा पिकलेला. एकेक करून काढता येईल म्हणाल्या. आणखी वर्ष गेलं असतं तर अवघड होतं.

परत येताना ते स्वतःच म्हणाले, "तू गेल्यावर करणार होतो."

"आणि डोळ्यांत थेंब कोण घालणार होतं?"

"शिंपीण."

"तिनं डोळेच शिवून टाकले असते."

ते हसले. मग कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "तुला आधी कळलं असतं तर तू गेली नसतीस. आंधळ्याची काठी होऊन बसली असतीस. माझा मुलगा गेला, त्यात तुझा काय दोष? तू का अडकून पडायचं?"

मला वाटत होतं, मी त्यांना नको आहे.

नाण्यांचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. ते त्यांचं, त्यांच्यापाशी राहू दे.

२० मार्च

दादाला फोन केला. विचारलं, कंपनी थोडी थांबेल का. दादा म्हणाला, "तुझ्यासाठी थांबतील. कोटाची बटणं बघून मालकही वैतागलेत."

२७ मार्च

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी आहे. मी थेंब घालते आणि ते लहान मुलासारखे तोंड वाकडं करतात. शिंपीण ब्रेड-अंडी घेऊन आली आणि रिळाची गोष्ट त्यांना पहिल्यापासून पुन्हा ऐकवून गेली.

३० मार्च

काल पट्टी निघाली. मला बघून पहिलं वाक्य बोलले, "किती वाळलीस गं." दुसरं वाक्य, "भिंतीला रंग कधी देणार?" म्हणजे नीट दिसतंय.

आज चहा झाल्यावर म्हणाले, "डबा आण." मी आणला. एकेक नाणं खिडकीशी धरून बघत होते. जुने सोबती भेटावेत तसे, प्रत्येकाला ओळख देत होते. हे घाटातल्या गाडीवर मिळालं, हे पावसाळी रात्री एका म्हातारीनं दिलं. बोलण्याच्या भरात आपण काय बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मीही ते लक्षात आणून दिलं नाही.

मग त्यांच्या हाताला ते लागलं. पांढरं, ओरखड्याचं.

"हे कुणी घासलं?"

"मी."

"मी सांगितलं होतं ना, घासायचं नाही म्हणून?"

"ते नंतर सांगितलंत. हे मी पहिल्याच दिवशी घासलं."

त्यांनी ते परत उजेडात धरलं. मग अंगठा राजाच्या मिशीवरून फिरवला आणि मला दिसलं की त्यांच्या अंगठ्याला आठवलं.

"हेच टाकलं होतं मी?"

"हेच."

"म्हणजे तुला त्या दिवशीच कळलं."

"कळलं."

"आणि वर येऊन सांगितलंस, एक आलंय म्हणून."

"तुम्ही तरी कुठं काही बोललात?"

त्यांचा नवा डोळा पाण्यानं भरला होता. डॉक्टरबाईंनी रडायचं नाही असं सांगितलं आहे, म्हणून मी ओरडणार होते, पण माझंही काही निराळं नव्हतं.

"मला वाटलं, तू गेलीस की पुरे," ते म्हणाले. "मग नाणी संपली. संपल्यावर कळलं की मी तुला ती द्यायला टाकत नव्हतो. तू जिना चढून येतेस ना, त्याचा आवाज मला आवडायला लागला होता."

मी रुमाल दिला. म्हटलं, "दादानं विचारलंय, तिकिटं किती काढू."

"दोन काढायला सांग," ते म्हणाले. "आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं फाडली. स्वतःचं काढून कधी बसलो नाही. बघू कसं वाटतं." मग ते घासलेलं नाणं त्यांनी माझ्यापुढे धरलं. "हे घे, माझ्या तिकिटाचे."

"मी दिलेलं घेत नाही, माहीत आहे ना?"

त्यांनी मान हलवली. हात खुर्चीबाहेर नेला आणि बोटं उघडली. नाणं फरशीवर पडलं आणि त्याचा तो लांब आवाज खोलीभर फिरत राहिला.

"सूनबाई," ते म्हणाले, "बघ गं, तुझ्या पायाशी काहीतरी पडलंय."

मी वाकले आणि उचललं.